बिंदू थांबला आणि हेल्पलाइन बोलेना: माझा अनुभव

बायको कॅलिफोर्नियातल्या जॉन म्यूर ट्रेलवर एकटी गेली होती. योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत सुमारे 340 किलोमीटर. परमिट, अस्वलांपासून अन्न राखायचा डबा, वाटेत शिधा कुठे पाठवायचा, हे सगळं बिनबोभाट झालं. लिहायचंय ते तिच्या सॅकला अडकवलेल्या उपग्रह ट्रॅकरबद्दल, आणि त्याहून जास्त त्या कंपनीच्या हेल्पलाइनबद्दल. तो राग अजून गेलेला नाही.

ट्रॅकर इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावर चालणारा. दर दहा मिनिटांनी आपली जागा पाठवतो आणि नकाशावर एक बिंदू उमटतो. त्या नकाशाची लिंक माझ्याकडे होती आणि नाशिकला सासूबाईंकडेही. इथे अमेरिकेत रात्र झाली की नाशिकला दिवस, त्यामुळे नकाशावर सतत कुणाची तरी नजर.

म्यूर पास या खिंडीपर्यंत बिंदू नेमाने येत होते. तिथे 1930 साली बांधलेली दगडी झोपडी आहे. तिथून "पोचले, हवा छान" असा मेसेजही आला. मग ती पलीकडे लकॉन्ट कॅन्यन या दरीत उतरायला लागली आणि बिंदू थांबला. दुपार गेली, अंधार पडला, तरी तिथेच. नाशिकहून फोन आला, "अहो, ती हलत का नाहीये?"

मी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुम्ही खातेदार आहात का? म्हटलं, नाही, नवरा आहे. "माहिती फक्त खातेदारालाच देता येते." अहो, खातेदारच डोंगरात आहे आणि तिचाच पत्ता लागत नाहीये! त्यावर पुन्हा तेच वाक्य, त्याच सुरात. आणीबाणीचा संपर्क म्हणून माझंच नाव आणि नंबर त्यांच्याकडे नोंदलेला होता. तो नंबर एसओएसचं बटण दाबलं गेलं तरच वापरतात, त्यानं खात्यातलं काही विचारायचा हक्क मिळत नाही, असं उत्तर आलं. हे फॉर्म भरताना कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पुन्हा फोन केला. या वेळी दुसरा माणूस. तो म्हणाला, ओळख पटवायला ईमेलवर कोड पाठवतो. कोड गेला बायकोच्या ईमेलवर. मला तिचं लोकेशन नको होतं, ते नकाशावर दिसतच होतं. मला एवढंच हवं होतं: एसओएस आलाय का, आणि उपकरणाचा उपग्रहाशी शेवटचा संबंध कधी आला? बाहेरच्या माणसाला एकट्या बाईचा ठावठिकाणा सांगू नये हे मलाही पटतं, तो नियम असलाच पाहिजे. पण नोंदलेल्या नवऱ्याला "एसओएस आला नाही" हे तीन शब्द सांगायला वरिष्ठांपर्यंत जावं लागलं, आणि त्यात अर्धी रात्र गेली. तोवर सासूबाईंना काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

खरा आधार मिळाला तो राष्ट्रीय उद्यानाच्या डिस्पॅचकडून, म्हणजे मदतीचे फोन घेणाऱ्या कक्षाकडून. तंबूचा रंग, जॅकेटचा रंग, परमिटवर बाहेर पडायची तारीख, त्या रात्रीचा मुक्काम कुठे ठरला होता, सगळं शांतपणे उतरवून घेतलं. नुसता बिंदू थांबला म्हणून हेलिकॉप्टर निघत नाही, पण उद्या संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही तर कॅन्यनमधल्या रेंजरला वायरलेसवर कळवू, असं सांगितलं. ही सगळी माहिती एका कागदावर लिहून घरात ठेवा. मला ती पाठ होती, पण त्या वेळी आठवेना.

सकाळी बिंदू एकदम पुढे सरकला आणि मेसेज आला. ट्रॅकर हँग झाला होता. पडद्यावर ट्रॅकिंग चालू दिसत होतं, जात काहीच नव्हतं. बंद करून चालू केल्यावर सुरळीत. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरातच खाली बसलो.

खोल दरीत उशीर होणं मात्र नेहमीचं आहे. इरिडियमचे 66 उपग्रह जमिनीपासून सुमारे 780 किलोमीटरवरून फिरतात, आणि एकेक उपग्रह दहाएक मिनिटांत आभाळ ओलांडून जातो. दोन कड्यांमधून आभाळाची चिंचोळी पट्टीच दिसत असेल, तर पुढचा उपग्रह नेमका त्या पट्टीत येईपर्यंत मेसेज अडून राहतो. म्हणून किती तास शांतता चालेल, हे निघण्याआधी घरच्यांशी ठरवा. आम्ही आता रोज रात्री मुक्कामाचा एक मेसेज धरतो. बिंदूंवर विसंबत नाही. आणि "पाठवला" अशी खूण दिसल्याशिवाय मेसेज गेला असं मानायचं नाही.

खात्यावर दुसरं अधिकृत नाव घालता येतं का, ते विकत घेण्याआधीच विचारा.

हे उपकरण घेऊन भारतात येऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्यात विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला याच कारणानं अडवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी ट्रॅकरच्या जोडीला आम्ही पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) घेतलाय. तो गप्पा मारत नाही. फक्त संकटात 406 मेगाहर्ट्झवर कॉस्पस-सारसॅट या उपग्रहांवर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेला हाक देतो. मासिक वर्गणी नाही. अमेरिकेत नोंदणी नोआ या सरकारी हवामान-सागर संस्थेकडे फुकट होते, दर दोन वर्षांनी नवी करायची. त्या फॉर्मवर माझा नंबर पहिला आहे, मेहुणीचा दुसरा.