वॉरम पर्सी : वाडा गवतात, तळं जागेवर

"बाबा, वाडा कुठाय?" लेकीने विचारलं तेव्हा आम्ही त्या वाड्यातच उभे होतो.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं वॉरम पर्सी हे मध्ययुगीन गाव. 1500 च्या आसपास जमीनदाराने उरलीसुरली कुळं हाकलली आणि मेंढ्या सोडल्या. लोकरीला भाव होता, दुसरं काय! इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट या दोघांनी 1950 ते 1990, तब्बल चाळीस उन्हाळे इथे उत्खनन केलं. गावात जमीनदारांचे वाडे दोन. दक्षिणेकडचा बाराव्या शतकातला. त्याचं तळघर नंतरच्या एका शेतकऱ्याच्या घराखाली सापडलं. उत्तरेकडच्या वाड्याचे आता फक्त गवताळ उंचवटे.

म्हणून भर दुपारी जाऊ नका. आम्ही मार्चमध्ये पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि सगळं सपाट कुरण दिसत होतं. चारनंतर ऊन तिरपं झालं, सावल्या पडल्या आणि भिंतींच्या रेषा, खोल्या, गल्ली, एकेक वर आलं. एका खोलीच्या बरोब्बर दारात गाय रवंथ करत बसलेली! गवत वाढलं की हे दिसायचं नाही. हिवाळा किंवा वसंताची सुरुवात बरी.

छप्पर उडालेल्या सेंट मार्टिन चर्चच्या खाली तळं आहे. मला सगळ्यात आवडलं ते हेच. ओढ्याला मातीचा बांध घालून आधी पाणचक्कीसाठी पाणी अडवलं, पुढे त्यातच मासे पाळले. शुक्रवारी आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य, मासे चालत. त्यामुळे घरचं तळं म्हणजे ऐट. सध्याचं तळं उत्खननानंतर पुन्हा भरलेलं आहे. बांधावर उभं राहिलं की अडवलेलं पाणी एका बाजूला, ओढ्याची घळ दुसऱ्या बाजूला. आपलं शेततळं पाहिलेल्याला इथे फलक वाचावा लागत नाही.

जवळच्या मॉल्टन गावापर्यंत रेल्वे आहे, पुढचे सहाएक मैल गाडीच सोयीची. प्रवेश फुकट. गाडी लावून सव्वा किलोमीटर उतरायचं. वाट खडूच्या मातीची, ओली असली की साबणासारखी. माझे साधे बूट दोनदा सटकले. बाबागाडी आणूच नका. स्वच्छतागृह मॉल्टनमध्येच उरकून घ्या. आणि डबा तळ्याच्या बांधावरच उघडा, कारण परतताना सगळा चढ आहे आणि वर गाडीपाशीही काही मिळत नाही.