कॅलिफोर्नियात तिकीट हरवलं? आधी काउंटी आठवा

कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नल तोडला तर चलन गाडीच्या नावावर पडतं. एमएच ०९ चा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली रक्कम समोर येते. हरवायला कागदच नसतो. त्यामुळे मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलेले आई-बाबा काय, नुकती नोकरीला गेलेली पोरं काय, तिथं पोलिसानं हातात दिलेला चलनाचा कागद, म्हणजे तिकीट, हरवला की गाडीचाच नंबर टाकून शोधत बसतात.

तिथं थांबवून दिलेलं तिकीट गाडीवर नसतं, चालवणाऱ्यावर असतं. दंडही पोलिसांकडे भरायचा नसतो. ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अडवलं, तिथल्या सुपीरियर कोर्टात ते प्रकरण जातं. राज्यात ५८ काउंट्या आहेत आणि घोटाळा इथंच होतो. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना आय-५ हायवे कर्न, किंग्ज, फ्रेस्नो अशा काउंट्या एकामागोमाग ओलांडतो. तिकीट फ्रेस्नोतलं असेल आणि शोध लॉस एंजेलिसच्या कोर्टात चालला असेल, तर ते सापडणार कसं? मोबाइलमधली लोकेशनची नोंद, त्या दिवशीची पेट्रोलची पावती, जवळची एक्झिट, यांवरून आधी जागा नक्की करा.

मग त्या काउंटीच्या कोर्टाच्या वेबसाइटवर ट्रॅफिक विभागात लायसन्स नंबर टाका. काही कोर्टांत नाव आणि जन्मतारखेवरूनही शोधता येतं. लायसन्स आपल्याकडचं असेल तर इथं जरा सावध राहा. पोलिसाच्या हातून वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊ शकतं, भारतीय लायसन्सचा लांबलचक नंबर अर्धाच उतरू शकतो. नावांची अदलाबदल करून पुन्हा शोधा. तरीही मिळालं नाही तर कोर्टाच्या क्लार्कला फोन करा.

तिकीट दिल्यावर ते कोर्टाच्या यादीत चढायला काही आठवडे लागू शकतात. ‘नोंद नाही’ दिसलं म्हणजे सुटलो, असं मुळीच समजू नका. दर आठवड्याला पुन्हा बघा. ज्यांनी अडवलं त्यांच्या ऑफिसात प्रतही मागता येते. हायवेवर बहुधा हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचं हायवे पोलीस दल असतं, गावात तिथले पोलीस.

हा सगळा खटाटोप तारखेसाठी आहे. तिकिटावर सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं नाही. ‘या तारखेपर्यंत हजर होईन’ एवढंच ते वचन. ते मोडलं तर साध्या दंडाच्या प्रकरणात वेगळा फौजदारी गुन्हा लागू शकतो, शिवाय १०० डॉलरपर्यंत जादा आकारणी. कागद हरवला ही सबब चालत नाही.

प्रकरण सापडलं की लगेच पैसे भरून मोकळे होऊ नका. कॅलिफोर्नियाचं लायसन्स असेल तर ट्रॅफिक स्कूलची, म्हणजे वाहतूक नियमांच्या वर्गाची सोय आहे का ते आधी विचारा. साधारण १८ महिन्यांतून एकदा ती मिळते आणि चुकीबद्दल लायसन्सच्या नोंदीवर चढलेला पॉइंट इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही.

कोर्टाचं स्मरणपत्र तिकिटावर लिहिलेल्या पत्त्यावर जातं. लायसन्सवर शिवाजी पेठेतला पत्ता असेल तर तोच तिकिटावर उतरलेला असू शकतो, आणि पत्र वेळेत हाती पडेल याचा भरवसा नाही. क्लार्कशी बोलताना तिथला राहता पत्ता नोंदवून घ्या, आणि परतीचं विमान तारखेच्या आधीचं असेल तर त्याच फोनमध्ये ऑनलाइन भरणा किंवा मुदतवाढ मिळेल का, तेही विचारून ठेवा.