दहा बोटांतली चार

मंगळवार, रात्री

आज मशेरीवाल्या मावशी पुन्हा आल्या. गेल्या महिन्यात सुनेनं त्यांना जवळजवळ ओढतच ओपीडीत आणलं होतं. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे, तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनासाठी, पाठवलं. मी काय केलं? कॅन्सरचे फोटो दाखवले आणि वीस मिनिटं एकटीच बोलले. त्या "व्हय ताई, बरोबर हाय ताई" म्हणत राहिल्या आणि उठताना त्यांनी कनवटीची डबी चाचपली. तो हात महिनाभर माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

आज फोटो काढलेच नाहीत. विचारलं, "मावशी, मशेरी लावल्यावर बरं काय वाटतं?" त्या चपापल्या. मग हळूहळू बोलू लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा दाढ दुखते म्हणून सासूनं लावायला दिली. आता पहाटे लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. दुपारी रानातून आल्यावर लावली की डोकं शांत होतं. तंबाखू त्या स्वतः तव्यावर भाजतात. दिवसातून पाच वेळा, चाळीस वर्षं. मी मध्ये बोलले नाही, आणि ते फार जड गेलं. चुकीचं काही कानावर आलं की दुरुस्त करायला जीभ पुढे धावतेच.

उपदेश न करता विचारत, ऐकत जायच्या या रीतीला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. अमेरिकन मानसतज्ज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ साली प्रथम मांडली, ती दारूच्या व्यसनावर काम करताना. नॉर्वेत तरुण मानसतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांतून ती त्यांना उमगत गेली. प्रशिक्षणातलं एक मला आज खरं कळलं. माणसाला सोडावंसंही वाटतं आणि सोडवतही नाही. आपण सोडण्याची बाजू घेऊन बसलो, की त्याच्या वाट्याला दुसरीच बाजू उरते.

शून्य ते दहाची छापील पट्टी बाजूला ठेवून मी दोन्ही हात पुढे केले. "सोडावी असं किती वाटतं? यातली किती बोटं?" त्यांनी माझी चार बोटं धरली. 'चारच का?' असं विचारलं असतं तर न सोडण्याची कारणं ऐकायला मिळाली असती. मी विचारलं, "चार धरलीत. एकच का नाही धरलंत?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. बोटं तशीच धरलेली.

"नात जवळ येत न्हाई. वास येतो म्हणती. आन् परवा तीच चुलीतली राख बोटावर घिऊन दातावर फिरवत हुती. माझंच बघून."

"तिनं हे उचलू नये, असं वाटतंय."

"तिनं न्हाई लावायची!" त्यांचा आवाज चढला. मग म्हणाल्या, "दुपारची सोडून बघते. पहाटंची इतक्यात न्हाई जमायची."

मला पहाटेचीही सुटायला हवी आहे. चट्ट्याची मला खरोखर काळजी वाटते. "त्या चट्ट्याबद्दल एक सांगू का?" असं आधी विचारलं. "सांगा की," म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत ऐकलं.

डबी त्या घेऊनच गेल्या, मी मागितली नाही. दारातून मात्र परत वळल्या आणि चट्ट्याचा तुकडा तपासायला कधी यायचं ते विचारलं. गेल्या वेळी ती तारीख मी चिठ्ठीवर लिहून दिली होती, तेव्हा त्या आल्या नव्हत्या.