लिस्बन: चावी परत करायच्या आधी

परदेशातल्या शेवटच्या दिवसाचं माझं ठरलेलं असतं. राहिलेलं काही बघायला धावायचं नाही. राहिलं ते राहिलं. विमान संध्याकाळचं होतं, नवरा बॅग हाताने तोलत "तेवीस किलोच्या वर गेली असेल का गं?" असं तिसऱ्यांदा विचारत होता. मी खाली उतरले.

कोपऱ्यावरच्या बेकरीत दहा दिवस बोट दाखवून पाव घेतला होता. आज धीर करून म्हटलं, "दोइश पांव." काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे दुरुस्त केलं: "पांइश." एक असेल तर पांव, दोन झाले की पांइश. आपण शब्द घेतला, पण अनेकवचनाच्या भानगडीत पडलो नाही. एक पाव, दोन पाव, लादीपाव. बटाटा, पगार असे सगळे इथलेच पाहुणे, आता घरचे झालेले. वसईत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये, तरी वाटतं.

मग ठरवलेलं मोडून कार्मोच्या मठाकडे चढ चढले. लिस्बनमध्ये कुठेही जायचं म्हणजे चढच, आणि पायाखाली चुनखडीचे काळे-पांढरे गुळगुळीत तुकडे. दिसायला सुरेख, गुडघ्यांचे वैरी.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, चर्च भरलेली, आणि सकाळी भूकंप. कार्मोचं छप्पर कोसळलं. पुढे बांधकाम सुरू झालं, पण १८३४ मध्ये पोर्तुगालने मठच बंद केले आणि काम थांबलं ते कायमचं. आज तिकीट काढून आत गेलं की दोन्ही बाजूंना दगडी खांब, वर टोकदार कमानी, आणि कमानींच्या मध्ये नुसतं आभाळ. खाली हिरवळ. (मागच्या भागात संग्रहालय आहे, तिथे पेरू देशातल्या दोन ममी काचेत बसवल्यात. का, ते विचारू नका.)

मी तिथे अर्धा तास बसले, कारण हे चर्च मी लहानपणापासून बघत आले आहे. वसईच्या किल्ल्यात अशीच बिनछपराची चर्च आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, छपरं काळाने नेली. फरक एवढाच, की इथे गवत कापतात. आमच्याकडे भिंतीतून पिंपळ फुटतो, जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा असतात आणि त्यांच्यावर उभं राहून लग्नाआधीचं फोटोसेशन चालतं. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच शिळांवर डबे उघडले होते. आपण कुणाच्या तरी डोक्यावर चटणी-पोळी खातोय हे कुणी सांगितलं नव्हतं.

परतले तेव्हा घरमालकीण आजीबाई दारात उभ्या होत्या. तळहात पुढे करून म्हणाल्या, "शाव्ह?"

मला आधी कळेना. मग पेटलं. चावी! पूर्वी पोर्तुगालमध्येही हा 'श' नव्हता, 'च'च होता. उत्तरेकडे काही भागांत अजून ऐकू येतो. म्हणजे राजधानीने उच्चार बदलला आणि आम्ही जुनाच जपून ठेवला. मी जोरात म्हटलं, "चावी!" आजीबाई हसल्या, बरंच काही बोलल्या. त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही, पण मान डोलावली.

चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि बॅगा खडखडवत मेट्रोकडे निघालो. उतार अर्धा उतरून झाल्यावर नवरा थांबला.

"वसईच्या घराची चावी कुठल्या बॅगेत आहे?"

दोघांनाही आठवेना.