बटणाखालचं रबर

जुने हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं, दुरुस्त करणं हे माझं काम. त्यातला निम्मा वेळ गंज खरवडण्यात जातो, कारण लोक सेल आतच ठेवून कन्सोल माळ्यावर टाकतात.

त्या दिवशी एक बहीण-भाऊ आले. तिच्याकडे पहिला गेम बॉय, त्याच्याकडे गेम गिअर. वाद घरूनच पेटलेला होता. भाऊ म्हणाला, "१९९० साली रंगीत पडदा, तोही मागून उजळणारा! तुझ्या हिरवट पडद्यावर धड काही दिसायचं का?"

गेम बॉय लवकर आटोपला. पडद्यावरच्या काही उभ्या रेघा गायब होत्या. खालच्या रिबनच्या जोडावरून सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने फिरवल्यावर परत आल्या.

गेम गिअरने मात्र घाम काढला. आवाज क्षीण, पडदा अंधारा, म्हणजे कपॅसिटर, बोर्डवरचे वीज साठवणारे छोटे भाग, गळलेले. आयर्न टेकवताच मासळीसारखा वास सुटला, तेव्हा खात्रीच पटली. आमच्याकडची नवी पोरं इथे थेट हॉट एअर, म्हणजे गरम हवेचा झोत, मारतात. मला ते मुळीच पसंत नाही: कपॅसिटर फुगतो, आतलं द्रव आणखी पसरतं आणि घाईत ओढला की बोर्डवरचा पॅड, म्हणजे तो जिथे जोडलेला असतो तो तांब्याचा तुकडा, उचकटून येतो. मी भरपूर फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वितळायला मदत करणारा लेप, लावून दोन्ही पायांना आलटून पालटून उष्णता देतो. कपॅसिटर आपोआप सरकेपर्यंत थांबतो. मग अल्कोहोलने बोर्ड लख्ख पुसायचा आणि बोर्डवरची तांब्याची एकेक रेघ मीटरने तपासायची.

सफाईसाठी दोन्हींची बटणं काढली आणि हात थबकला. गेम बॉयच्या ए बटणाखालच्या रबरावरचा कार्बनचा काळा ठिपका पार झिजलेला; बटण दाबलं की तोच बोर्डला टेकतो. गेम गिअरचे ठिपके जवळपास कोरे.

माझ्या लेखी वाद तिथेच मिटला. दोन्ही पडदे १६० बाय १४४ पिक्सेलचेच. गेम गिअरवर ४०९६ पैकी ३२ रंग एका वेळी, गेम बॉयवर चार छटा. आणि झिजला तो चार छटांचा. गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई मुद्दाम जुनं, स्वस्त तंत्रज्ञान घेऊन त्यातून नवी गंमत काढायचे. १९९५ साली त्यांनीच लाल त्रिमितीचा व्हर्च्युअल बॉय हा कन्सोल केला. तसं कोणी पाहिलं नव्हतं, तरी तो वर्षभरात बंद पडला. नावीन्याने डोळे दिपतात, बोटं खिळतात ती मजेमुळेच, असं मी ठामपणे म्हणालो आणि दोघांना रबर दाखवलं.

भाऊ रबराकडे बघत राहिला. "सेल कोण आणून देणार होतं, दादा? सहा लागायचे आणि तीन-चार तासांत संपायचे. हिला चारच पुरायचे, तेही कितीतरी दिवस."

ते मला आधी सुचायला हवं होतं, कारण ते सहा सेलचे कप्पे मीच घासले होते. गेम गिअर अ‍ॅडॅप्टरवर लावून त्याच्या हातात दिला. तो खेळायला बसला तो उठेचना. बहिणीने दोनदा हात पुढे केला, तरी पाळी मिळाली नाही.

तेव्हापासून विचार करतोय. झिजलेलं रबर मजेचा पुरावा होता की सेलच्या खर्चाचा? आता भावाला गेम गिअरच्या आत रिचार्जेबल बॅटरी बसवून हवी आहे. मी होकार दिलाय, आणि वर्षभराने बटणं उघडून दाखवायला परत यायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.