अमेरिकेत ऑनलाइन पोकर: तुम्ही कुठल्या राज्यात बसलाय, त्यावर सगळं

न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत एक्स्चेंज प्लेसला बसून फोनवर खऱ्या पैशांनी पोकर खेळणं पूर्णपणे कायदेशीर आहे. तिथून पाथ ट्रेन पकडली की पुढचं स्टेशन वर्ल्ड ट्रेड सेंटर, मध्ये फक्त हडसन नदी. पलीकडे उतरून तेच ॲप उघडा. खातं तेच, शिल्लक तीच, पण टेबलावर बसता येत नाही, कारण तुम्ही आता न्यूयॉर्कमध्ये आहात.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याला जे चालतं ते कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या मित्राला का चालत नाही आणि वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडच्या मित्राला तर का महागात पडू शकतं, हे नीट समजून घ्यायला हवं. इंटरनेटवर ‘पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, त्यामुळे काही होत नाही’ असं ठोकून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या भरवशावर पैसे लावू नका.

आधी केंद्राचं बघू. 1961 चा वायर ॲक्ट फोनवरून बेटिंग घेणाऱ्यांसाठी आला. 2006 मध्ये यूआयजीईए नावाचा कायदा बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला जोडून मंजूर झाला. तो खेळाडूला हात लावत नाही. बेकायदा ऑनलाइन जुगाराचे पैसे स्वीकारणाऱ्या धंद्याला तो धरतो, आणि असे व्यवहार अडवण्याची जबाबदारी बँकांवर टाकतो. बेकायदा म्हणजे काय, हे मात्र तो स्वतः ठरवत नाही. ते इतर केंद्रीय आणि राज्यांच्या कायद्यांवर सोडतो. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. 2011 च्या डिसेंबरमध्ये न्याय खात्याने वायर ॲक्ट फक्त खेळांच्या बेटिंगपुरता आहे असं मत जाहीर केलं आणि राज्यांना मोकळीक मिळाली. पुढे खात्याने ते मत फिरवलं, न्यू हॅम्पशायरची लॉटरी कोर्टात गेली, आणि जानेवारी 2021 मध्ये फर्स्ट सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने खेळांपुरताच हा अर्थ कायम ठेवला.

कौशल्याच्या मुद्द्याचंही कोर्टात काय झालं ते माहीत असावं. 2012 मध्ये ब्रुकलिनचे न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी पोकरमध्ये कौशल्य वरचढ असतं असं मानून एका आरोपीला दोषमुक्त केलं. पुढच्याच वर्षी सेकंड सर्किट या अपील कोर्टाने तो निकाल उलटवला. न्यूयॉर्कचा कायदा कौशल्य जास्त की नशीब जास्त असं विचारतच नाही. नशिबाचा ठळक वाटा असला तरी तो जुगार धरतो. प्रत्येक राज्याची मोजपट्टी वेगळी आहे, त्यामुळे हा युक्तिवाद एका राज्यातून उचलून दुसऱ्यात वापरता येत नाही.

आता जिथे लायसन्स घेतलेल्या साइट खरोखर चालू आहेत ती राज्यं: नेवाडा, न्यू जर्सी, डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि वेस्ट व्हर्जिनिया. पहिला डाव नेवाडात 30 एप्रिल 2013 ला खेळला गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डेलावेअर आणि न्यू जर्सी सुरू झाले. पेनसिल्व्हेनियाने कायदा 2017 मध्ये केला, पण पहिली साइट उघडायला नोव्हेंबर 2019 उजाडला. मिशिगन जानेवारी 2021 मध्ये आलं. वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा 2019 चा, पण तिथे प्रत्यक्ष टेबलं लागली 2025 मध्ये.

उशीर का, ते सांगतो, कारण पोकरचं अर्थकारण त्यातच आहे. स्लॉट मशीनला एक खेळाडू पुरतो. पोकरला समोर माणसं लागतात. वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या अठरा लाखांच्याही आत. मंगळवारी दुपारी तिथे एक टेबल भरायचीही मारामार. साइट प्रत्येक डावातून ‘रेक’ म्हणजे आपला हिस्सा कापते, आणि टेबलच भरलं नाही तर रेक कुठून येणार? यावर तोडगा म्हणून राज्यांनी आपसांत करार केला. 2014 मध्ये नेवाडा आणि डेलावेअर, 2017 मध्ये न्यू जर्सी, 2022 मध्ये मिशिगन, 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया आणि एप्रिल 2025 मध्ये पेनसिल्व्हेनिया. आता न्यू जर्सीतला खेळाडू मिशिगनवाल्याच्या समोर बसू शकतो, पण दोन अटी आहेत: दोन्ही राज्यं करारात हवीत, आणि त्या साइटकडे दोन्हीकडचं लायसन्स हवं. दुसरी अट बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही, आणि मग टेबलं रिकामी दिसली की ॲपला दोष दिला जातो. कनेक्टिकटमध्ये तर 2021 पासून कायदा परवानगी देतो, तरी तिथे पोकरची साइट नाही. छोट्या राज्यात एकट्याच्या जिवावर टेबलं भरत नाहीत.

बाकीच्या राज्यांत चित्र वेगवेगळं आहे. कॅलिफोर्नियात कार्डरूममध्ये, म्हणजे पत्त्यांच्या परवानाधारक क्लबात, जाऊन खेळणं कायदेशीर आहे, पण ऑनलाइनला परवानगी देणारं विधेयक वर्षानुवर्षं अडकत राहिलं. आदिवासी जमातींचे कॅसिनो, कार्डरूम आणि घोड्यांच्या शर्यतींचे मालक यांचं जमलंच नाही. टेक्सासात घरगुती डावाला बचाव आहे: जागा खाजगी हवी, जिंकण्यापलीकडे कुणालाही आर्थिक फायदा नको, आणि जोखीम सगळ्यांना सारखी हवी. रेक कापणाऱ्या साइटला हा बचाव लागू पडत नाही. यूटा आणि हवाईत व्यावसायिक जुगार सरसकट बंद.

वॉशिंग्टन राज्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड भागात आपली मंडळी पुष्कळ आहेत. 2006 पासून तिथे इंटरनेटवरून जुगाराची माहिती जाणूनबुजून पाठवणं किंवा घेणं हा ‘क्लास सी फेलनी’ म्हणजे गंभीर स्वरूपाचा गुन्हा आहे. कमाल शिक्षा पाच वर्षं तुरुंग आणि 10,000 डॉलर दंड. या कायद्याला आव्हान दिलं गेलं, पण 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने वैध ठरवला. गंमत म्हणून वीस डॉलर टाकून बघू, असं तिथे राहून म्हणू नका. लुइझियानातही ‘कॉम्प्युटरवरचा जुगार’ हा वेगळा गुन्हा आहे: 500 डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मधल्या काळात स्वीपस्टेक पोकर नावाची पळवाट निघाली. एक नाणं फुकट खेळायला, दुसरं ‘भेट’ म्हणून मिळणारं आणि पुढे रोख होणारं. 2025 मध्ये मोंटाना, कनेक्टिकट, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कने ही दोन नाण्यांची पद्धत बंद केली. कॅलिफोर्नियाची बंदी 1 जानेवारी 2026 पासून लागू झाली. अशा साइटवर शिल्लक असेल तर तुमच्या राज्यातून बाहेर पडण्याची त्यांची शेवटची तारीख आधी बघा आणि पैसे काढून घ्या.

परवानगीच्या राज्यात राहणाऱ्यांना आता रोजच्या अडचणी. कायदा घर कुठे आहे ते विचारत नाही, खेळताना शरीर कुठे आहे ते विचारतो. न्यूयॉर्कचा रहिवासी नदी ओलांडून न्यू जर्सीत बसला तर कायदेशीर खेळतो. वय मात्र 21 पूर्ण हवं. जागा तपासण्यासाठी साइट एक वेगळा प्रोग्रॅम टाकायला लावते. तो आयपी पत्ता, जीपीएस आणि आसपासची वाय-फाय नेटवर्क मिळून जागा ठरवतो. केबलने जोडलेल्या डेस्कटॉपला वाय-फायच नसेल तर तपासणी फसते. यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल लावला की काम होतं. ऑफिसचा लॅपटॉप वापरूच नका. त्यात कंपनीचं व्हीपीएन असतं, आणि एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखे प्रोग्रॅम चालू असले तरी साइट अडवते, कारण दुसरीकडे बसून कुणी तो संगणक चालवत असेल अशी शंका येते. आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले बंद करा.

ही तपासणी एकदाच होऊन संपत नाही, आणि सीमेजवळ ती जास्त वेळा होते. टूर्नामेंटच्या मध्येच ती फसली तर जागा तुमची राहते, पण पत्ते आपोआप फोल्ड होतात, म्हणजे डाव सोडला जातो, आणि ब्लाइंड म्हणजे आळीपाळीने भरावी लागणारी सक्तीची पैज प्रत्येक फेरीत तुमच्या चिप्समधून कापली जाते. अर्ध्या तासात चिप्सचा चांगला साठा झिजून जातो, आणि अशा वेळी प्रवेश फी परत मिळेल असं धरून चालू नका. म्हणून टूर्नामेंटला बसण्याआधी खिडकीजवळ बसून तपासणी एकदा पार पडते का ते बघा, मग बाय-इन म्हणजे प्रवेश फी भरा.

ओळख पडताळणीत आपल्या लोकांची एक खास अडचण होते: नाव. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गळलेलं असतं, आणि बँकेत फक्त आद्याक्षर. साइट ही नावं सोशल सिक्युरिटी क्रमांकाशी जुळवते. जुळलं नाही तर पैसे भरताना कधी कधी काही बोलत नाही, पण काढताना खातं गोठवते. म्हणून सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे अक्षरन् अक्षर तसंच नाव टाका, आणि बँक खातंही स्वतःच्याच नावाचं जोडा. नवराबायको दोघं खेळत असाल तर दोन वेगळी खाती काढा, आणि एकाच घरातून एकाच टेबलावर बसू नका. संगनमत पकडणाऱ्या यंत्रणेला ते लगेच दिसतं.

क्रेडिट कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. जुगाराच्या व्यवहाराला वेगळा कोड असतो आणि कित्येक बँका तो सरळ अडवतात. चाललं तरी तो कॅश ॲडव्हान्स धरला जाण्याची शक्यता असते, म्हणजे त्याच दिवसापासून व्याज. बँक खात्यातून थेट पाठवणं हाच बरा मार्ग.

साइट लायसन्सवाली आहे का, हे तिच्या जाहिरातीवरून कळत नाही. राज्याच्या नियामकाच्या, म्हणजे न्यू जर्सीत डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटच्या आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगनमध्ये त्यांच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाच्या यादीत तिचा पत्ता शोधा. तिथे नसेल तर तिच्याकडे त्या राज्याचं लायसन्स नाही. हा फरक किती मोलाचा आहे, हे 15 एप्रिल 2011 नंतर लोकांना कळलं. त्या दिवशी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर यांच्यावर केंद्राने कारवाई केली. फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे 39 कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते जेमतेम 6 कोटी, असं सरकारी तक्रारीत म्हटलं होतं. खेळाडूंच्या ठेवी वेगळ्या ठेवलेल्याच नव्हत्या. पुढे पोकरस्टार्सने तडजोडीत पैसे भरले म्हणून ते वाचले, तरी अमेरिकन खेळाडूंच्या हातात रक्कम पडायला 2014 उजाडलं. ॲब्सोल्यूट पोकरवाल्यांना 2017 पर्यंत थांबावं लागलं. लायसन्स असलेल्या साइटला खेळाडूंच्या पैशांची वेगळी तरतूद ठेवावी लागते, आणि तक्रार ऐकायला राज्याचं कार्यालय असतं.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर आणखी एक कारण. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात बेकायदा जुगार खेळलात का, असा सरळ प्रश्न आहे. जुगाराचे दोन गुन्हे सिद्ध झाले, किंवा उत्पन्न मुख्यतः बेकायदा जुगाराचं असलं, तर त्या काळापुरतं तुमचं ‘चांगलं चारित्र्य’ कायद्यानेच मान्य होत नाही.

शेवटी कर. जिंकलेली रक्कम साइटने फॉर्म पाठवला नाही तरी उत्पन्नच आहे. 2026 च्या कर वर्षापासून हरलेल्या रकमेपैकी फक्त 90 टक्केच वजा करता येते, आणि तीही वजावटी एकेक करून दाखवल्या तरच. स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे सरसकट ठरलेली वजावट घेतली तर काहीच वजा होत नाही. उदाहरण बघा: वर्षभरातल्या जिंकलेल्या सत्रांचे 80,000 डॉलर, हरलेल्यांचे 75,000. हातात राहिले 5,000. वजावट मिळेल 67,500 ची, म्हणजे कर 12,500 वर. म्हणून प्रत्येक सत्राची तारीख, साइट, किती घेऊन बसलात आणि किती घेऊन उठलात, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा.

एफ-1 वरच्या विद्यार्थ्यांचं गणित आणखी कडक. पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते करासाठी साधारणपणे अनिवासी असतात. अनिवासींच्या जुगारातल्या जिंकण्यावर सरळ 30 टक्के कर लागतो आणि हरलेलं वजा होत नाही. ब्लॅकजॅक, रूलेटसारख्या काही खेळांना यातून सूट आहे, पोकरला नाही. भारताशी असलेल्या करारातही यावर सवलत नाही.

सुट्टीत पुण्याला गेलात तर अमेरिकेतलं खातं तिथून उघडेल, शिल्लकही दिसेल, पण टेबल उघडणार नाही. भारतात 22 ऑगस्ट 2025 ला मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानंतर तिथल्या मोठ्या साइटनीही पैशांचं पोकर बंद केलं. जाण्याआधी सुरू असलेली पैसे काढण्याची विनंती पूर्ण होऊ द्या. पडताळणीचा कोड अमेरिकेच्या नंबरवर येतो, आणि तो फोन तिकडे बंद असला की तुम्ही परत येईपर्यंत विनंती तशीच पडून राहते.