लेन्सवाले, वेव्हगाईडवाले आणि मधले आम्ही

प्रकाश आणि रेडिओलहरी यांच्या हद्दीवरच्या, म्हणजे टेराहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींसाठी आम्ही सुटे भाग बनवतो आणि ते मोजून देतो. आमच्याकडे दोन प्रकारचे ग्राहक येतात. लेन्सवाले मायक्रॉनमध्ये बोलतात, त्यांचा विश्वास आरशांवर आणि इंटरफेरोमीटरवर (दोन किरण एकमेकांत मिसळून मोजणारं यंत्र). वेव्हगाईडवाले गिगाहर्ट्‌झमध्ये बोलतात. लहर धातूच्या नळीबाहेर, म्हणजे वेव्हगाईडबाहेर पडली की त्यांचा जीव खाली-वर होतो. ३०० गिगाहर्ट्‌झ म्हणजे १ मिलिमीटरची तरंगलांबी, हे दोघांनाही पाठ. पण या हद्दीवर लागणारे सुटे भाग सहज मिळत नसत. आमचा धंदा त्या फटीतच सुरू झाला.

पहिला माल वायर ग्रिडचा, म्हणजे एकाच दिशेचं विद्युतक्षेत्र पुढे जाऊ देणाऱ्या तारांच्या जाळीचा (पोलरायझरचा). तारांची जाळी हर्ट्‌झने १८८८ मध्येच वापरली होती. आमची फक्त बारीक. १० मायक्रॉनची टंगस्टनची तार, दोन तारांत २५ मायक्रॉनचं अंतर. तारांना समांतर असलेलं विद्युतक्षेत्र परत फिरतं, आडवं आरपार जातं. कागदावर एवढंच. गुंडाळताना मात्र पंखा बंद, दार बंद. ताण जरा वाढला की तार तुटते आणि तिचं मोकळं टोक शेजारच्या तारांवर वेटोळं घालून बसतं. ती फ्रेम मग टाकूनच द्यायची. ताण कमी पडला तर तारा एकमेकींकडे सरकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ती असमान रेघ पुढे पोलरायझरच्या गळतीत, म्हणजे नको त्या दिशेचं क्षेत्र आरपार जाण्यात दिसते.

ग्रिड विकू लागलो तशा तक्रारी आल्या: “गळती फार आहे.” तपासलं तर बहुतेक वेळा ग्रिड ठीक निघायचा, मोजणीच डळमळीत असायची. म्हणून स्वतःचं मोजमापाचं टेबल उभं केलं. डिटेक्टर गोले सेल: कोंडलेला वायू किरणांनी तापतो, पातळ पडदा फुगतो आणि त्यावरून परतणारा प्रकाश सरकतो. शीतकरणाची गरज नाही, पण चॉपर (किरण थांबून-थांबून सोडणारी फिरती चकती) सावकाश फिरवावा लागतो आणि टेबलाला धक्का लागलेला त्याला आवडत नाही.

खरा त्रास हवेचा आणि परावर्तनांचा. पाण्याच्या वाफेची ५५७ गिगाहर्ट्‌झची रेषा एवढी जोरकस, की खोक्यात कोरडा नायट्रोजन भरल्याशिवाय तिथे मोजण्यात अर्थ नाही. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४२, उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ३० टक्के शक्ती मागे फिरते आणि नमुना व हॉर्न (लहर सोडणारं कर्ण्यासारखं तोंड) यांच्यामध्ये स्थिर लहर उभी राहते. आम्ही नमुना पाव तरंगलांबीने सरकवून पुन्हा मोजतो आणि सरासरी घेतो. जुनाच उपाय, पण घाईत सगळ्यात आधी हाच गाळला जातो.

नंतर कर्ज काढून नेटवर्क ॲनालायझर (भागातून किती लहर पुढे जाते आणि किती परतते ते मोजणारं यंत्र) घेतला आणि वेव्हगाईडवाले हक्काने येऊ लागले. ७५ ते ११० गिगाहर्ट्‌झची नळी आतून २.५४ बाय १.२७ मिलिमीटर. २२० ते ३२५ च्या पट्ट्यात लांब बाजूही मिलिमीटरच्या आत येते. तिथे फ्लँज (दोन नळ्या जोडणारी चकती) केसभर सरकली तरी आकडे बदलतात. म्हणून प्रत्येक भाग जोडून, काढून, पुन्हा जोडून मोजतो आणि त्या आकड्यांतला फरक अहवालात छापतो. काहींना तो रकाना खटकतो. “एकच आकडा द्या ना,” म्हणतात. तसा अहवाल आम्ही देत नाही, त्यापायी कामं गेली आहेत.

द्रव हेलियमने थंड केलेला बोलोमीटर (तापण्यावरून किरण मोजणारा अतिसंवेदनशील डिटेक्टर) अजून घेतलेला नाही. गोले सेलला न दिसणारा क्षीण सिग्नल घेऊन कोणी आलं, तर तसं आधीच सांगून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. ग्रिड मात्र बहुधा आमच्याकडूनच नेतात.